आईचं रेडिएशन, अँटिऑक्सिडंट गोळ्या आणि प्रथिनांचं कोडं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे. आमच्या चाळीत सगळे 'लाईट' म्हणतात. रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप), आठवड्यातले पाच दिवस. भांडुपहून लोकलने दादर, पुढे टॅक्सी.

मामीने ई आणि सी व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसाच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणून दिल्या. डॉक्टर म्हणाले, तूर्त बंद. बाहेर रांग होती, कारण विचारायचं राहिलं. मामी रुसलीय, आईला वाटतंय की चांगली गोष्ट उगाच सोडली. दोघींना समजवायचं तर आधी मला कळायला हवं.

मी कॉमर्सची. वाचून एवढं उमगलं: किरण डीएनएवर थेट आदळतात, पण त्याहून जास्त नुकसान पेशीतल्या पाण्यामार्फत होतं. पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे आक्रमक तुकडे तयार होतात आणि हाताशी येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतात. अँटिऑक्सिडंट असे रॅडिकल टिपतात. 1 ग्रेमागे एका पेशीत डीएनएचा एकच धागा तुटतो अशा हजारेक जागा, दोन्ही धागे तुटतात अशा चाळीसेक. एक तुटला तर समोरचा बघून सांधता येतो, दोन्ही गेले की पेशीची पंचाईत.

अडले ते डायनोकॉकस रेडिओड्युरन्सपाशी. हा जिवाणू 1956 साली ओरेगॉनमध्ये, किरणांचा मारा करूनही नासलेल्या मांसाच्या डब्यात सापडला. 5,000 ग्रे सहज सोसतो. माणसाला सर्वांगावर एकदम 5 ग्रे बसले तरी जिवावर बेतू शकतं! मला वाटलं, याचा डीएनए तुटतच नसेल. तर तोही शेकडो ठिकाणी तुटतो. शाबूत राहतात ती प्रथिनं, मँगनीजच्या संयुगांमुळे, आणि तीच काही तासांत डीएनए पुन्हा जोडतात. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जिवाणूवर संशोधन झालंय.

मग खरा घाव प्रथिनांवरच ना? आणि गोळ्या प्रथिनं वाचवत असतील, तर बंद का?

प्रतिसाद

ताई, बायोकेमिस्ट्री शिकवतो म्हणून लिहितोय. प्रथिनाच्या पेशीत पुष्कळ प्रती असतात. ऑक्सिडेशनने (रॅडिकलने इलेक्ट्रॉन ओढल्यामुळे) त्यावर कार्बोनिल गट, म्हणजे नुकसानीच्या खुणा, बसले की बहुधा ते दुरुस्त होत नाही, पेशी मोडीत काढून नवं बनवते. नवं बनवायचा आराखडा मात्र डीएनएत. हजारो ग्रेच्या माऱ्यात दुरुस्ती करणारी प्रथिनंच निकामी होतात, म्हणून त्या जिवाणूचं मर्म तिथे आहे. 2 ग्रेला प्रथिनांचा साठा बराचसा तगतो, पण दोन्ही धागे तुटलेल्या मोजक्या जागा कर्करोगाच्या पेशीला भारी पडतात. निरोगी पेशी दोन सत्रांमधल्या वेळात जास्त नीट सावरतात, म्हणून रोज थोडं थोडं देतात.

आता गोळ्या. रॅडिकल टिपणारं औषध निरोगी पेशी आणि गाठीची पेशी असा भेद करेलच असं नाही. जे रॅडिकल आज आईच्या बाजूने लढतायत, तेच विझायची भीती. मामींना फिनलंडचं सांगा: धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, 1994 साली निकाल आला, तर फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला. पेरू, लिंबू, कोशिंबीर वेगळी, तो मेगाडोस नव्हे. तरी आई जे जे घेतात त्याची यादी डॉक्टरांना दाखवाच, काढे आणि चूर्णंही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. "आईच्या बाजूने लढतायत" हे आईला वाचून दाखवलं, तिने स्वतःच डबी कपाटात वर ठेवली. यादी करायला बसले तर अश्वगंधाही निघाली. उद्या नेते सोबत.