तक्रारीआधी अंदाजपत्रक वाचावे

लहान शहरात नागरिक एकत्र येतात, निवेदन देतात आणि महिनाभरात पांगतात, असे नेहमी म्हटले जाते आणि ते निरीक्षण मला पटते. मात्र त्याचे कारण केवळ उदासीनता आहे असे वाटत नाही. बहुतेक वेळा आपण उशिरा पोहोचतो. रस्ता उखडल्यावर तक्रार होते, पण त्याच्या देखभालीसाठी किती तरतूद असावी हे नगरपालिकेचे अंदाजपत्रक मंजूर होतानाच ठरलेले असते आणि त्या चर्चेकडे कोणी फिरकलेले नसते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ साली सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली, तीत कामांचा अग्रक्रम ठरवण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून रहिवाशांच्या सभा होत. ते शहर मोठे आहे. लहान शहरात तर हे अधिक सोपे असायला हवे, कारण अभियंता आणि लोकप्रतिनिधी दोघेही ओळखीचे असतात. (ही ओळखच कधी कधी आड येते, कारण रोज भेटणाऱ्या माणसाला लेखी जाब विचारणे अवघड जाते.)

म्हणून व्यक्तीऐवजी कागदाकडे बोट दाखवावे. कामाचा आदेश, मोजमापे आणि कंत्राटात असल्यास दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असण्याचा काळ, पाहावा. तो संपलेला नसेल, तर निकृष्ट कामाची दुरुस्ती सार्वजनिक पैशातून नव्हे, कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. हा एक मुद्दा तारखेसह छायाचित्रे जोडून मांडला, तर उत्तर टाळणे कठीण होते. निवेदनाच्या पोचप्रतीवर आवक क्रमांक मात्र आठवणीने घ्यावा, कारण पुढची सगळी स्मरणपत्रे त्याच्याच आधारे लिहावी लागतात.