ऑनलाइन घेतलेलं तीन दारी कपाट : दार लोंबतंय, कंपनी म्हणते ‘फिटिंग बाहेरचं, वॉरंटी नाही’

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. एका ऑनलाइन दुकानातून तीन दारी कपाट घेतलं आहे. उंची साडेसहा फूट, मधल्या दाराला आरसा, किंमत २३,५०० रुपये, क्रेडिट कार्डावर हप्ते. जाहिरातीत ‘सॉलिड इंजिनिअर्ड वूड’ आणि ‘मोफत फिटिंग’ असं होतं. माल घरी उतरल्यावर कळवलं की सांगलीच्या पिनकोडला त्यांचा फिटर येत नाही, तुमचा सुतार बघा. मग गावातल्या मिस्त्रीकडून जोडून घेतलं.

सध्याची अवस्था : मधलं दार खाली उतरलंय, वरची बिजागरी हाताने हलते आणि स्क्रूच्या भोकातून भुसा पडतो. उजव्या उभ्या फळीचा खालचा कोपरा खोक्यातूनच चेपून आला होता. त्याचा फोटो आहे, पण खोकं फोडल्यानंतरचा. खालची आडवी पट्टी फुगायला लागली आहे.

कंपनी आधी म्हणाली फोटो पाठवा, मग म्हणाली फळी बदलून देतो, आता म्हणते बाहेरच्या माणसाने जोडलं म्हणून वॉरंटी लागू नाही. शेवटी ३,००० रुपयांचं कूपन देऊ केलंय.

यात चूक मालाची किती आणि जोडणीची किती, हे कसं ओळखायचं? नुसती फळी बदलून घेण्यात अर्थ आहे का? आणि सांगलीत बसून तक्रार करायची कुठे?

---

सुतारकाम_मिरज

कंपनी सगळा दोष जोडणीवर ढकलणार, ते ठरलेलंच असतं. म्हणून आधी टेप घ्या.

कपाट रिकामं करा, भिंतीपासून पुढे ओढा आणि मागून दोन्ही कर्ण मोजा : वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, मग वरचा उजवा ते खालचा डावा. एवढ्या उंचीला ३ मिमीपर्यंत फरक चालून जातो. ७-८ मिमी निघाला तर सांगाडा गुण्यात (काटकोनात) नाही, आणि ती चूक जोडणाऱ्याची. मागची ३ मिमीची पातळ फळी ही नुसतं झाकण नसते, कपाटाला ताठ तीच ठेवते. कपाट जमिनीवर पालथं घालून, कर्ण जुळवून, दर १०-१५ सेंमीवर एक अशा चुका (बारीक खिळे) मारून ती बसवायची असते. बरेच मिस्त्री आधी कपाट उभं करतात आणि मग मागे जाऊन कोपऱ्याकोपऱ्याला खिळे मारतात. तसं केलं की कपाट एका अंगाला झुकतं आणि दारं एकमेकांवर चढतात.

दुसरं, पाणसळ, म्हणजे कपाट समतल आहे का. आपल्याकडे फरशीला न्हाणीच्या किंवा गॅलरीच्या बाजूला उतार असतो. त्यावर कपाट ठेवलं की चारातला एक पाय अधांतरी राहतो. पायाखाली प्लास्टिकची पाचर सारून पाणसळ बरोबर करा आणि दार पुन्हा बघा.

कर्ण जुळले, पाणसळही बरोबर, तरी दार उतरतच असेल तर बिजागरीकडे वळा. पुढचा स्क्रू दाराला डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर. वर-खाली करायचं असेल तर बाजूच्या फळीवरच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सैल करून दार उचलायचं आणि आवळायचं. हे स्क्रू आवळताना घट्ट होत नसतील, नुसतेच गरगर फिरत असतील आणि भुसा येत असेल, तर बोर्डाने स्क्रू सोडलाय. तिथे जुळवाजुळवीने काही होणार नाही.

आता तुमच्या आरशाच्या दाराचा हिशेब. साधारण २ मीटर उंच, ४२ सेंमी रुंद, १८ मिमी जाडीचं पार्टिकल बोर्डाचं (भुसा दाबून केलेल्या फळीचं) दार १० किलोच्या आसपास भरतं. काचेचं वजन दर मिमी जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे ४ मिमीचा पाच फूट बाय एक फूट आरसा साडेचार किलोच्या वर जातो. दार झालं जवळपास १५ किलोचं. बिजागरी बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत दीड-पावणेदोन मीटरच्या पुढे दोन मीटरपर्यंतच्या दाराला साधारणपणे चार बिजागऱ्या सांगितलेल्या असतात. तुमच्या दाराला किती आहेत ते मोजून इथे लिहा. तीनच असतील आणि भोकं कारखान्यातूनही तीनच पाडून आली असतील, तर चौथी लावायला मिस्त्रीकडे जागाच नव्हती. हा मुद्दा तुमच्या बाजूचा.

खालची पट्टी फुगली आहे, तर टॉर्च घेऊन पट्टीची जमिनीकडची कड बघा. एजबँड (कडेवर चिकटवायची पातळ पट्टी) लावलेला आहे की भुशाचा कोरा बोर्ड दिसतो? दिसणाऱ्या कडांना पट्टी मारायची आणि खालची कड तशीच सोडायची, ही स्वस्त मालातली नेहमीची काटकसर. फरशी पुसताना ओला फडका लागला की तिथूनच पाणी चढतं. कोरी कड दिसली तर जवळून फोटो काढा, शेजारी टेप धरून.

---

कुपवाड_फिटर

फळी बदलून घेऊ नका, तेही मधली उभी फळी असेल तर अजिबातच नाही. ती काढायला अख्खं कपाट खोलावं लागतं. मिनीफिक्सचे, म्हणजे गोल चकती फिरवून फळ्या आवळणाऱ्या जोडाचे, बोल्ट भुशाच्या बोर्डात एकदा चांगले बसतात, दुसऱ्यांदा जेमतेम, तिसऱ्यांदा भोक सैल. मागच्या फळीच्या चुका उपटताना तिच्या कडा फाटतात. शिवाय नवी फळी दुसऱ्या लॉटची येते, रंगात उन्नीस-बीस आणि कधी कधी भोकांतही. एका भोकाचा २ मिमी फरक पुरे, मग लोक हातोड्याने बसवतात आणि कोपरा उडतो.

मिस्त्रीची बाजू तपासायची तर मिनीफिक्सच्या गोल चकतीवर बाण असतो तो बघा. चकती बसवताना बाण बोल्टकडे हवा, मग घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा. बाण उलटा ठेवून पिळलं तर चकती बोल्टाचं डोकं धरतच नाही, सांधा बोटभर हलतो. तसं नसेल तर त्याला बोल लावू नका.

---

ग्राहकमंच_सातारा

वरच्या दोघांनी सांगितलेली मापं कागदावर आणा, तक्रारीत तीच लागतात.

‘बाहेरच्या माणसाने जोडलं’ हा बचाव तुमच्या बाबतीत लंगडा आहे. मोफत फिटिंग जाहिरातीत होतं, ते कंपनीने दिलं नाही आणि स्थानिक सुतार बघा असं स्वतःच सांगितलं. तो मेसेज किंवा मेल शोधून जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं असेल तर आजच मेल करा : ‘अमुक तारखेच्या फोनमध्ये आपण स्थानिक सुताराकडून जोडून घेण्यास सांगितले होते.’ उत्तर आलं नाही तरी नोंद राहते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे, चॅटवरच्या मदतनिसाशी झालेला संवाद म्हणजे ती तक्रार नव्हे. त्याच नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कूपन म्हणजे पैसे नव्हेत. ते स्वीकारताना ‘तक्रार पूर्णपणे मिटली’ असं एखाद्या चौकोनात टिक करायला लावतात, तिथे बोट लावू नका.

पुढचा क्रम असा. तक्रार अधिकाऱ्याला मेल, त्यात जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, खोक्यावरचं लेबल, कर्णांची मापं, फोटो आणि नेमकी मागणी. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बऱ्याच कंपन्या तिथे जोडलेल्या असतात, कधी कधी तेवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस. मग जिल्हा ग्राहक आयोग.

आयोग सांगलीचाच चालतो. २०१९ च्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथे तक्रार दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो नाही तर गुरुग्रामला. मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रं. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि संकेतस्थळाचं नाव वेगळं असेल तर दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, माल प्रयोगशाळेत तपासावा लागला तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ते धरून चाला.

खोकं फोडतानाचा व्हिडिओ नसला तरी अडत नाही. चेपलेल्या कोपऱ्यासमोर खोक्याचा पुठ्ठाही चेपलेला असेल, तो पुठ्ठा टाकला नसेल तर दोन्हीचा एकत्र फोटो काढा.

---

विश्रामबाग_सांगली

सगळ्यांचे आभार. मोजलं. कर्णांत २ मिमी फरक, पाणसळ ठीक. मधल्या दाराला तीनच बिजागऱ्या आणि चौथ्याचं भोक नाही. मिनीफिक्सचे बाण बरोबर आहेत. पट्टीची खालची कड कोरी आहे, एजबँड नाही. खोक्याच्या लेबलवर ‘प्री-लॅम पार्टिकल बोर्ड’ (वर लॅमिनेट चिकटवलेला भुशाचा बोर्ड) छापलंय.

दोन शंका. पैसे परत मिळेपर्यंत दार अंगावर पडू नये म्हणून काय करू? आणि हप्ते थांबवू का?

---

ग्राहकमंच_सातारा

हप्ते थांबवू नका. वाद विक्रेत्याशी आहे, कर्ज बँकेचं आहे. हप्ता चुकला की दंड आणि सिबिल, दोन्ही तुमच्या माथी. मात्र कार्डाच्या बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने डिस्प्यूट लगेच नोंदवा, त्याला मुदत असते. हप्त्यांचं व्याज आणि प्रक्रिया शुल्क परताव्यात आपोआप येत नाही, मागणीत ते वेगळं लिहा. मिस्त्रीला दिलेली मजुरीही, पावती घेऊन.

लेबलचा फोटो मात्र सोन्यासारखा. ‘सॉलिड’ या शब्दाशेजारी तो ठेवला की फार युक्तिवाद करावा लागत नाही.

---

सुतारकाम_मिरज

आधी आरशाचं दार उतरवून, आडवं न ठेवता भिंतीला टेकवून उभं करा, खाली जाड पोतं टाकून. आहे त्या स्थितीचे फोटो आणि दार हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ काढा. कंपनीला लेखी कळवल्याशिवाय भोकाला हात लावू नका, नाहीतर ‘फेरफार केला’ म्हणतील.

पैसे नाहीच मिळाले तर मग दुरुस्ती. खराब भोक १० मिमी ड्रिलने १२ मिमी खोल मोठं करायचं. बोर्ड १८ मिमीचा आहे, म्हणून ड्रिलला १२ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आरपार जाल. १० मिमीची लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका, २४ तास सुकू द्या, वरचा भाग कापून सपाट करा. मग अडीच मिमीचं भोक आणि साडेतीन मिमीचा स्क्रू. काडेपेटीच्या काड्या भरणारे भेटतील, आरशाच्या दाराला तो उपाय टिकत नाही.

त्याहून पक्कं म्हणजे फळीतून आरपार ४ मिमीचा बोल्ट, मागे वॉशर आणि नट. मधल्या दाराची बिजागरी आतल्या उभ्या फळीवर असते, त्यामुळे नट कपाटाच्या आतच राहतो. हे करताना चौथी बिजागरीही लावून घ्या. दारात ३५ मिमीचं भोक पाडायला कप-कटर लागतो, हॅंड ड्रिलने वेडंवाकडं होतं, म्हणून दार वर्कशॉपला न्या. आरसा आधी काढून घ्यायला विसरू नका.

फुगलेली पट्टी परत बसत नाही. ती काढून तेवढीच प्लायची पट्टी मारा, चारही कडा बंद करून.

---

कराड_वखार

पार्टिकल बोर्डाला सरसकट नावं ठेवू नका. कोरड्या खोलीत, भिंतीपासून बोटभर लांब, ८० सेंमीच्या आतल्या कप्प्यांना तो बरी वर्षं काढतो. फसवणूक बोर्डात नाही, ‘सॉलिड’ शब्दात आहे. ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणजे पार्टिकल बोर्ड की एमडीएफ की प्लाय, हे ऑर्डर करण्याआधी लेखी विचारायचं. ‘शीशम फिनिश’ म्हणजे शीशम रंगाचा कागद, लाकूड नव्हे. प्लायवर आयएस ३०३ किंवा ७१० चा शिक्का असतो, पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७, त्यावर लॅमिनेट असेल तर १२८२३.

सांगलीकरांसाठी मात्र एक वेगळा विचार. २०१९ आणि २०२१ ला ज्या गल्ल्यांत कृष्णेचं पाणी शिरलं, तिथल्या तळमजल्यावर भुशाचं फर्निचर घेऊच नये. लोखंडी कपाट चिखल धुऊन पुन्हा उभं राहतं, हे रात्रभर पाण्यात राहिलं की उचलताना हातात तुकडे येतात.

---

कुपवाड_फिटर

परतावा मंजूर झाला तर पिकअपवाले ‘मूळ पॅकिंग पाहिजे’ म्हणतात, म्हणून पुठ्ठे आणि थर्माकोल रद्दीत घालू नका. कपाट खोलताना प्रत्येक फळीवर कागदी टेप लावून नंबर टाका, स्क्रू आणि चकत्या वेगळ्या पिशवीत. आरसा स्वतंत्र बांधा. पिकअप स्लिपवर खोक्यांची संख्या लिहून घेतल्याशिवाय माल खाली सोडू नका. सहा खोकी गेली आणि स्लिपवर ‘१ नग’ असलं, तर उरलेल्या पाचांचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.