तोंडात लाळच नाही, कृत्रिम लाळेचा स्प्रे घेऊन उपयोग होतो का?

खारघरची_सून
नमस्कार मंडळी. सासरे ६८ वर्षांचे, घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन मार्चमध्ये संपलं. बाकी तब्येत ठीक आहे पण तोंड कायम सुकलेलं. भाकरीचं तर नावच नको, पोळी आमटीत कुस्करून दिली तरी टाळूला चिकटते. रात्री चारदा पाण्याला उठतात आणि मग तेवढ्याच वेळा बाथरूमला. मेडिकलमधून कृत्रिम लाळेचा स्प्रे आणला तर बाबा म्हणतात दहा मिनिटं बरं वाटतं, मग परत तोंडाचा पापड. पैसे वाया जातायत की आम्ही वापरतोय चुकीचं?

घोडबंदरकर
ताई, ते औषध नाहीये, वंगण आहे. बऱ्याच बाटल्यांमध्ये सीएमसी (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज) असतं, आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच. धडधाकट माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती एवढ्याशा बाटलीतून कशी भरून निघणार! म्हणून वेळ बघून वापरायचं. माझ्या आईला शोग्रेन आहे (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार), ती जेवायच्या आधी आणि कुणाशी फोनवर बोलायचं असलं की स्प्रे मारते, आणि झोपताना जेल, बोटाने गालाच्या आतून आणि हिरड्यांवर. जेल जास्त वेळ टिकतं. पाणी गटागटा नको, घोट घोट, नाहीतर असलेला बुळबुळीतपणा पण धुऊन जातो.

नेरूळचा_डेंटिस्ट
सगळे कोरडेपणाबद्दल बोलताय, पण बाबांना स्वतःचे दात आहेत का ते आधी सांगा. लाळ तोंडातलं आम्ल मारते, ती नसली की दात हिरडीलगत भराभर किडतात, काही महिन्यांत सुद्धा. स्प्रेचं लेबल वाचा, सायट्रिक अॅसिडवाला असेल तर दात असलेल्या माणसाला नको. लिंबाच्या गोळ्या, आवळा सुपारी बंद, त्याऐवजी झायलिटॉलचं (दात न किडवणारी, साखरेऐवजीची गोडी) च्युइंगगम चालेल. अल्कोहोलवाला माउथवॉश पण नको. जास्त फ्लोराइडची पेस्ट डेंटिस्टकडून लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दात दुखला म्हणून कुठेतरी जाऊन परस्पर काढून येऊ नका, रेडिएशन घेतलेल्या जबड्याची जखम लवकर भरत नाही, हाड मरू शकतं. आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचं. तोंडात पांढरे चट्टे किंवा जळजळ असेल तर बुरशी असू शकते, दाखवून घ्या.

तीनहातनाका_७२
बाबांच्या बाकीच्या गोळ्या पण बघा. माझा काका झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन घ्यायचा, त्याने तोंड अजून सुकत होतं, डॉक्टरांनी बदलली. लाळ सुटायला पायलोकार्पिन नावाची गोळी असते, पण ग्रंथी थोड्या तरी जिवंत असतील तरच उपयोग, आणि काकाला घाम एवढा सुटायचा की जानेवारीत पंखा. दमा किंवा अरुंद कोनाच्या काचबिंदूवाल्यांना सहसा देत नाहीत.

खारघरची_सून
बाबांना दमा आहे, म्हणजे ती गोळी राहिली बाजूला. आणि डॉक्टर, खाली सात दात आहेत त्यांचे, आणि लिंबाच्या गोळ्या मीच आणून देत होते हो, सदऱ्याच्या खिशात पाकीटच असतं! आजच काढून घेते, भांडण होणार. स्प्रेच्या बाटलीवर सायट्रिक अॅसिड लिहिलंय, आत्ताच बघितलं. घोडबंदरकर, ते जेल वाशीत मिळेल का?

घोडबंदरकर
मोठ्या मेडिकलला विचारा, नसेल तर ऑर्डर करून देतात. घेताना पुदिन्याचा वास नसलेलं बघा, आईला तो झोंबायचा.