मदत हवी आहे: आईला श्रीलंकेतले धबधबे दाखवायचे आहेत, जुलैत जावे की जानेवारीत?

सर्वांना नमस्कार.

पुढच्या वर्षी आईला (वय 69) घेऊन आठ ते दहा दिवसांसाठी श्रीलंकेच्या मध्यभागातील डोंगराळ प्रदेशात जाण्याचा विचार आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ सोबत असू. धबधबे पाहणे हाच जाण्याचा एकमेव हेतू आहे. कोणत्या महिन्यात जावे आणि फारशा पायऱ्या न उतरता कोणते धबधबे नीट पाहता येतील, या दोन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्याशिवाय माझी अडचण कळणार नाही. आई सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे भूगोल शिकवत होती. प्रतिरोध पर्जन्याचा, म्हणजे डोंगराने अडवलेल्या वाऱ्यांमुळे पडणाऱ्या पावसाचा, धडा आला की ती फळ्यावर डोंगराचा मोठा त्रिकोण काढी, डाव्या उतारावर खडू आडवा धरून भराभर पावसाच्या रेघा ओढी, आणि उजव्या उताराशी आली की काहीच न काढता हाताची खडूची भुकटी झटकून वर्गाकडे वळे. मीही त्याच शाळेत होते, त्यामुळे तो कोरा ठेवलेला उतार माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. महाबळेश्वरचा पाऊस आणि तिथून जेमतेम तासाभरावर असलेल्या वाईचा पाऊस, हे तिचे नेहमीचे उदाहरण. त्यानंतर ती श्रीलंकेबद्दल सांगे. तिथल्या डोंगराला वर्षातून दोन मोसमी पाऊस मिळतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. म्हणजे आपल्याकडे पर्जन्यछाया, डोंगराआडची कोरडी बाजू, कायम सह्याद्रीच्या पूर्वेलाच असते, तर तिथे ती वर्षातून दोनदा बाजू बदलते. हे तिने शेकडो मुलांना शिकवले, स्वतः मात्र कधी पाहिले नाही. आता तिला ते पाहायचे आहे, आणि एवढी एक गोष्ट तरी आमच्या हातून व्हावी असे आम्हा दोघा भावंडांना फार मनापासून वाटते.

अडचण गुडघ्याची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले, आणि डावा गुडघाही आता फारशी साथ देत नाही. सपाटीवर ती अर्धा किलोमीटर सावकाश चालते, थोडा चढही चढते. उतरणे मात्र तिला जमत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये ठोसेघरला गेलो होतो, तेव्हा उत्साहाच्या भरात ती बऱ्याच पायऱ्या उतरून गेली. धबधबा धुक्यात होता, कठड्याच्या लोखंडी नळीवरून पाणी ओघळत होते, आणि आई दोन्ही हातांनी ती नळी धरून, अंग आडवे करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. मध्येच धुके हलले आणि धबधबा दिसला, तर तिने वर पाहिलेच नाही. नजर पायरीवरून काढण्याची तिची हिंमत होत नव्हती. तो प्रसंग मला श्रीलंकेत पुन्हा घडू द्यायचा नाही.

एका प्रवासी कंपनीकडून आम्ही कार्यक्रम मागवला होता. त्यात दोन दिवसांत सात धबधबे बसवले होते. आईच्या गुडघ्याबद्दल विचारल्यावर “सगळे अगदी रस्त्यालगत आहेत” असे उत्तर मिळाले. त्या सातांत बदुल्लाजवळचा दुनहिंदा होता, जिथे एक किलोमीटरहून अधिक पायवाट चालावी लागते, आणि हॉर्टन मैदानावरचा बेकर धबधबाही होता, जो सुमारे नऊ किलोमीटरच्या पायी फेरीत येतो. इतकी साधी गोष्टही कोणी तपासली नव्हती, याचे फार वाईट वाटले. म्हणून आता आपणच आखणी करावी असे ठरवले आहे.

मी जमवलेली माहिती अशी. पश्चिम उताराच्या बाजूला, हॅटनहून नुवारा एलियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तलवाकेलेजवळ डेव्हन (97 मीटर) आणि सेंट क्लेअर (80 मीटर) हे दोन धबधबे आहेत. कँडीहून नुवारा एलियाला जाताना घाटात रांबोडा (109 मीटर) लागतो. पूर्वेकडे, म्हणजे ऊवा प्रांतात, एल्लाजवळ रावण धबधबा, कोसलंदा ते वेल्लवाया रस्त्यावर दियलुमा (220 मीटर), आणि बदुल्लाजवळ दुनहिंदा (64 मीटर). देशातला सर्वांत उंच धबधबा बंबरकंद, 263 मीटर, दक्षिणेच्या कड्यावर कलुपहनाजवळ आहे. सिंहली भाषेत ‘एल्ला’ म्हणजेच धबधबा हे समजल्यावर आई नकाशावरच्या प्रत्येक ‘एल्ला’भोवती पेन्सिलने गोल करत बसली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दोन्ही उतारांवरचे धबधबे एकाच प्रवासात भरलेले दिसतील असा एखादा पंधरवडा असतो का? वर लिहिलेल्यांपैकी कोणते गाडीतून उतरून चार पावलांवर दिसतात? आणि पावसाळ्यात त्या घाटरस्त्यांवर दरडी कोसळण्याची भीती कितपत असते? रामायणाशी संबंधित स्थळांच्या सहलींची माहिती भरपूर मिळते, त्यामुळे कृपया उत्तरे धबधब्यांपुरती द्यावीत ही विनंती.

प्रतिसाद

ताई, नोकरीनिमित्त मी तीन वर्षे कँडीत होतो आणि सुट्टीच्या दिवशी गाडी काढून याच रस्त्यांवर फिरत असे. त्या आधारावर लिहितो.

आधी महिन्याबद्दल. दोन्ही बाजू भरून वाहतात तो काळ ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा, म्हणजे दोन मोसमी पावसांच्या मधला. तेव्हा जवळजवळ सगळ्या बेटावर पाऊस होतो, दुपारनंतर विजांसह मोठ्या सरी येतात, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टेही याच दिवसांत तयार होतात. धबधबे सर्वांत देखणे तेव्हाच असतात, तरी आईंना घेऊन त्या दिवसांत जाऊ नका असे मी स्पष्टपणे सांगेन. 29 ऑक्टोबर 2014 रोजी कोसलंद्याजवळच्या मीरियाबेद्द येथे चहाच्या मळ्यातल्या कामगारांच्या वस्तीवर डोंगर खचला आणि घरांच्या रांगाच्या रांगा गाडल्या गेल्या. तुमच्या यादीतला दियलुमा त्याच कोसलंद्याच्या पुढे आहे. दरडींचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या नावानिशी देते; कोणत्याही महिन्यात गेलात तरी निघण्याआधी ते इशारे रोज सकाळी पाहावेत.

मग उरतात जुलै आणि जानेवारी. कोणती बाजू केव्हा कोरडी असते याची एक खात्रीची खूण चहाच्या व्यापारात आहे. डोंगरावर कोरडे वारे सुटले की पानांची वाढ मंदावते आणि चहाला उत्तम स्वाद येतो, म्हणून प्रत्येक भागाचा उत्कृष्ट चहा त्याच्या कोरड्या दिवसांत होतो. पश्चिमेकडच्या दिंबुल्ला भागाचा हा हंगाम जानेवारी ते मार्च, आणि पूर्वेकडच्या ऊवाचा जुलै ते सप्टेंबर. डेव्हन आणि सेंट क्लेअर दिंबुल्लाच्या मळ्यांमध्येच आहेत. त्यामुळे जुलैत पश्चिमेचे धबधबे भरलेले आणि पूर्वेचे बारीक. जानेवारीत पूर्वेचे भरलेले, तर पश्चिमेचे हळूहळू ओसरत जाणारे.

तुमच्या आईंबद्दल वाचून मात्र मला तुमचा प्रश्न थोडा बदलावासा वाटतो. दोन्ही उतार एकाच वेळी भरलेले दिसले, तर त्यांनी फळ्यावर कोरा ठेवलेला उतार त्यांना पाहायला मिळणारच नाही. जुलैत जा. नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्थानकावर एल्लाकडे जाणाऱ्या आगगाडीत बसा. पट्टीपोला स्थानकानंतर गाडी 1,898 मीटर उंचीचा, त्या देशातल्या रेल्वेचा सर्वोच्च बिंदू गाठते आणि तिथे एक बोगदा लागतो. दोन उतारांचे पाणी वेगळे करणारी पाणलोटाची सीमा हीच आहे. मी जुलैच्या अखेरीस या गाडीने गेलो, तेव्हा बोगद्याच्या अलीकडे काचांवर पाणी होते, शेजारच्या बाईंनी मुलाला टोपडे घातले होते आणि डब्यातले सगळे खिडक्या लावून बसले होते. पलीकडे निघालो तो ओहियाच्या दरीत लख्ख ऊन होते, आणि लोकांनी एकेक करून खिडक्या उघडल्या. पुढे हापुतळेला गाडीबाहेर उभे राहवणार नाही इतका कोरडा वारा होता. भूगोलाच्या शिक्षिकेने हे पाहायलाच हवे.

पायऱ्यांबद्दल. डेव्हन आणि सेंट क्लेअर दोन्ही रस्त्याच्या कडेवरून, दरीपलीकडे, समोरासमोर दिसतात. रांबोड्याचा वरचा भाग रस्त्यावरूनच दिसतो. खालचा भाग पाहायला पायऱ्या उतराव्या लागतात, तो सोडून द्या. रावण धबधबा एल्लापासून सहा किलोमीटरवर अगदी रस्त्याला लागून आहे, पण तिथे माकडे आणि गर्दी फार. खडक निसरडे आहेत आणि लोक बुडण्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून तुमच्या भावालाही पाण्यात उतरू देऊ नका. दियलुमाचा संपूर्ण कडा पायथ्याच्या रस्त्यावरून दिसतो. वरच्या डोहांपर्यंतची चाल तरुणांसाठी ठीक आहे. बंबरकंदाचा फाटा अरुंद आहे आणि शेवटी थोडे चालावे लागते, शिवाय कोरड्या दिवसांत त्याची नुसती चिरी उरते. दुनहिंदा आणि बेकर यांचा विचार करू नका.

सेंट क्लेअरबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आईंचा विरस होणार नाही. तलवाकेलेला अप्पर कोतमले हा 150 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प 2012 मध्ये सुरू झाला. त्याच्या धरणातून कोतमले ओया या नदीचे पाणी सुमारे 13 किलोमीटर लांबीच्या बोगद्याने वीजगृहाकडे जाते, आणि धबधबा त्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतला रुंद पडदा रोज दिसतोच असे नाही. प्रकल्पाला तिथे मोठा विरोध झाला होता तो याचसाठी. जुलैत धरण भरून वाहत असेल तर तुमचे नशीब. नाहीतर डेव्हनपाशी जास्त वेळ थांबा, तो वेगळ्या ओढ्यावर असल्यामुळे त्याला ही अडचण नाही.

कँडीचा पेराहेरा उत्सव तिथीप्रमाणे जुलै किंवा ऑगस्टमध्ये येतो. त्या दहा दिवसांत कँडीत खोल्या मिळत नाहीत, तारखा तेवढ्या पाहून घ्या. आणि पश्चिम उतारावर ओल्या गवतात पाय टाकण्याआधी जळवांसाठी लांब मोजे घाला.

धागालेखिकेचा प्रतिसाद

दादा, आपण इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. बोगद्याच्या परिच्छेदाशी तिने मला थांबवले, कपाटातून जुना नकाशासंग्रह काढायला लावला, आणि पट्टीपोला व ओहिया यांच्यामध्ये बोट ठेवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाली, “बोगद्याच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही वेळा मला खिडकी पाहिजे.” त्यामुळे जुलै नक्की झाला आहे. पेराहेराच्या तारखा टाळून पहिल्या पंधरवड्यात जाऊ.

बेत असा ठरवला आहे. कोलंबोहून गाडीने कँडी, एक मुक्काम. रांबोडा घाटाने नुवारा एलिया, दोन मुक्काम, त्यातला एक दिवस फक्त तलवाकेलेच्या दोन धबधब्यांसाठी. मग नानू ओया ते एल्ला आगगाडी, आणि चालक रिकामी गाडी घेऊन एल्लाला येईल. तिथे तीन मुक्काम करून रावण आणि दियलुमा पाहू. दिवसाला एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही. दियलुमा बारीक असेल हे आईला सांगितले, तर तिला तो तसाच पाहायचा आहे.

आता दोनच शंका उरल्या आहेत. नानू ओयाच्या फलाटावरून डब्यात चढताना पायऱ्या किती उंच असतात? एल्लाला उतरताना आईचा भार कोणीतरी खालून घ्यावा लागेल, म्हणून भावाला आधी उतरवायचे की नाही ते ठरवता येईल. आणि दुसरे म्हणजे, वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या खिडक्या उघडत नाहीत असे वाचले. दुसऱ्या वर्गाचे आरक्षण साधारण 30 दिवस आधी सुरू होते आणि लवकर संपते असेही कळले. भारतातून ते वेळेवर कसे मिळवावे, हे अलीकडे कोणी केले असल्यास कृपया सांगावे. खिडकी उघडणारीच जागा हवी आहे.