वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथिने आणि पाणी दोन्ही एका दिवसात कसे बसवावे?

धागाकर्ती : तीन आठवड्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, म्हणजे जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला आणि उरली ती एक अरुंद नळी. घरी सोडताना जो कागद हातात दिला, त्यावर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि किमान दीड लिटर द्रवपदार्थ असे दोन आकडे ठळक अक्षरांत लिहिले होते. ते गाठायचे कसे, याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे, असे त्याच कागदावर आहे. सध्या मी पातळ लगद्याच्या टप्प्यावर आहे, आणि चार चमचे खाल्ले की छातीच्या मध्यभागी दाटून येते. मग पाणी मागे पडते, संध्याकाळी डोके दुखू लागते, आणि पाण्याच्या मागे लागले की प्रथिने निम्म्यावर राहतात. प्रथिनांच्या पावडरचा गोड वास आला तरी डचमळते. ज्यांनी हे दिवस काढले आहेत, त्यांनी आपला दिवस कसा आखला होता ते कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ : माझ्या गॅस्ट्रिक बायपासला (हृदयाचा नव्हे; जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवण्याची शस्त्रक्रिया) दोन वर्षे झाली. पहिल्या महिन्यात माझीही हीच ओढाताण झाली होती, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्टच सांगतो : दोन्ही जमत नसतील त्या दिवशी पाण्याला पहिला मान द्या. प्रथिने चार-दोन दिवस कमी पडली तर ती भरून काढता येतात, पण पाणी कमी पडले तर माणूस दोन दिवसांत सलाइनवर जातो. शिवाय या काळात तहानेवर विसंबून चालत नाही, कारण तहान जाणवेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

मला उपयोगी पडला तो औषधाच्या बाटलीवरचा ३० मिलिलिटरचा पिटुकला पेला. दर पंधरा मिनिटांनी तो एकदा भरायचा आणि तीन-चार घोटांत, घाई न करता संपवायचा. तासाला १२० मिलिलिटर झाले. तिन्ही खाण्यांच्या वेळा आणि त्यांनंतरचा अर्धा तास वजा केला तरी जागेपणी बारा तास हाती राहतात, म्हणजे १४४० मिलिलिटर; दीड लिटरला फक्त दोन पेले कमी. फोनवर गजर लावला होता आणि घरचे त्या गजराला इतके वैतागले होते की शेवटी पेला तेच पुढे करू लागले. गार पाणी पोटात टोचत असेल तर कोमट घेऊन पाहा. माझ्या बाबतीत सगळा फरक तिथेच पडला. फसफसणारी पेये मात्र पूर्ण टाळावीत, आणि साखर घातलेले रसही नकोत. माझ्यासारख्या बायपासवाल्यांना साखरेने अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात.

प्रतिसाद २ : ताई, वरच्या हिशेबात एक दुरुस्ती सुचवते, ती तुमच्या फायद्याचीच आहे. प्रथिनांचे पातळ पेय हे द्रवातही मोजले जाते. ३०० मिलिलिटर पाण्यात एक माप व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतून काढलेली, जवळपास शुद्ध प्रथिनांची पावडर) मिसळून ते दोन तासांत घोट घोट संपवले, तर साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिलिटर द्रव एकाच खात्यात जमा होतात. ते एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरला की डचमळणारच.

गोड वासाचे म्हणाल, तर बिनचवीची पावडर आणा आणि ती गाळलेल्या, मीठ बेताचे असलेल्या सूपमध्ये घाला. येथे बहुतेकजण एक चूक करतात : उकळत्या सूपमध्ये पावडर टाकली की तिच्या रबरासारख्या गुठळ्या होतात आणि मग तो पदार्थ पुन्हा नकोसा होतो. आधी दोन चमचे थंड पाण्यात ती नीट कालवून घ्यावी, सूप ओठांना सोसेल इतके निवू द्यावे आणि मगच मिसळावे. शस्त्रक्रियेनंतर काहींना दूध पचेनासे होते. आयसोलेटमध्ये दुधातली साखर अगदी कमी असल्याने ते बहुधा सोसते. दूध पचत असेल तर २०० मिलिलिटर दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे घालावी, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम होतात. कोलॅजनच्या (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेल्या प्रथिनाच्या) डब्यावरचा आकडा पाहून मात्र भुलू नका. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसते, त्यामुळे मुख्य प्रथिन म्हणून ते कुचकामी आहे.

लगद्याच्या ताटलीत घट्ट दही, मऊ अंडे, मासा किंवा डाळ आधी खावी आणि बाकीचे जागा उरल्यास. एका अंड्याचे ६ ग्रॅम असा मोटामोटी हिशेब ठेवा. दाटले की तिथेच थांबा, तो एक चमचा जास्तीचाच असतो.

प्रतिसाद ३ : वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, तरी धोक्याच्या खुणा कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. लघवी गडद आणि थोडी होणे, उभे राहताच भोवळ येणे, घोटभर पाणीही न टिकणे, यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या चमूला कळवावे. ताप, वाढती पोटदुखी किंवा नाडीचे जलद ठोके असतील तर त्याच क्षणी. उलट्या दोन-तीन दिवस चालू राहिल्या तर जीवनसत्त्व बी१ चा प्रश्न उभा राहतो. शरीरात त्याचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो आणि तो संपल्यास मेंदू व नसांना इजा होते, आणि ग्लुकोज वापरताना उरलेसुरले बी१ ही खर्ची पडते, म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना उलट्यांचे दिवस मोजून सांगावेत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती आता तेवढ्याच मात्रेत हवी का, हेही विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचा आकडा स्वतःहून वाढवू नये.

धागाकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. रक्तदाबाची गोळी मला खरोखरच चालू आहे, आणि ती लघवी वाढवणारी निघाली. आज विचारल्यावर डॉक्टरांनी ती तूर्त थांबवली. चार दिवस औषधाचा पेला आणि गजर यांवर काढले. काल १३५० मिलिलिटरपर्यंत पोहोचले आणि संध्याकाळी डोके दुखले नाही. बिनचवीची पावडर निवलेल्या सूपमध्ये खपली, पण प्रथिने अजून ५२ वरच अडकली आहेत. रात्री झोपण्याआधी दुधाचा अर्धा पेला घेतला तर पोटातले वर येते का, एवढेच आता विचारायचे आहे.

प्रतिसाद २ : स्लीव्हमध्ये ते होऊ शकते. तो अर्धा पेला दुपारी चार वाजता घ्या, आणि आडवे होण्याआधी दोन-तीन तास पोटात काही भरू नका.