विषय: एमआरआयच्या तक्त्यात नेमकी कुठली रक्कम?

मंडळी,
एमआरआयला कोणाला किती खर्च आला, त्याचा आपला तक्ता शनिवारच्या आत छापायला द्यायचाय. मेरीलँडमधल्या रॉकव्हिलवाल्यांनी त्यात हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा लिहिलाय, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सवाल्यांनी खिशातून गेलेले पैसे. यावरून मेरीलँड स्वस्त की व्हर्जिनिया, कसं ठरवणार? ईओबीवरची (इन्शुरन्स कंपनी पाठवते त्या हिशेबाच्या कागदावरची) अलाउड अमाउंट, म्हणजे कंपनीने मान्य केलेला एकूण दर, तेवढीच लिहा. गुडघ्याच्या एमआरआयचा बिलावरचा कोड ७३७२१ आहे ना, तेही बघा.
– शमा

शमाताई, लोक शेवटी विचारतात, 'तुम्हाला किती पडलं?' खिशातलाच आकडा ठेवा.
– मिलिंद

मिलिंद, डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम) पूर्ण व्हायच्या आधी सगळी अलाउड अमाउंट खिशातूनच जाते, नंतर थोडीच. एकाच माणसाला जानेवारीत आणि डिसेंबरात वेगळा आकडा पडतो. त्यात गावाचा काय संबंध?
– शमा

एका एमआरआयच्या दरावरून कुठला भाग खर्चिक ते कळत नाही. आपल्या डॉक्टर-लेखक अतुल गावंडेंनी २००९ मध्ये टेक्सासमधल्या मॅकॅलनबद्दल लिहिलं होतं. २००६ मध्ये तिथे मेडिकेअरचा (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सचा) माणशी खर्च सुमारे १५,००० डॉलर, टेक्सासमधल्याच एल पासोत त्याच्या निम्मा. मेडिकेअरचे दर सरकारच ठरवतं, म्हणजे फरक पडला तो तपासण्या आणि शस्त्रक्रिया किती झाल्या त्याने. आमच्या हिच्या गुडघ्याला पहिल्या डॉक्टरांनी लगेच एमआरआय लिहून दिला, दुसऱ्यांनी आधी फिजिओथेरपी करायला सांगितली. तिचा एमआरआय झालाच नाही. हे तुमच्या तक्त्यात कुठे दिसणार?
– नंदूकाका

काका, ते मेडिकेअरचं झालं. आपल्या कंपन्यांच्या इन्शुरन्सचं तसं नाही. व्हर्जिनियात प्रत्येक इन्शुरन्स कंपनी हॉस्पिटलशी वेगळा दर ठरवते. मेरीलँडमध्ये हॉस्पिटलचे दर राज्याचा आयोग ठरवतो, सगळ्यांना जवळपास सारखे. पण बाहेरची इमेजिंग सेंटर त्या आयोगाखाली येत नाहीत. 'हॉस्पिटल की सेंटर' हा रकाना हवाच.
– सुनीती

हा तक्ता ज्येष्ठ समितीचा आहे. रकाने वाढवायचे तर आधी समितीला विचारा. ग्रीन कार्डवर आलेल्या बहुतेक आईवडिलांना पहिली ५ वर्षं मेडिकेअर मिळत नाही, त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे. इन्शुरन्स नसेल तर खर्चाचा लेखी अंदाज मागता येतो, २०२२ पासून हॉस्पिटल किंवा सेंटरला तो द्यावाच लागतो. ही ओळ सगळ्यात वर घ्या.
– ज्येष्ठ समिती

वर घेते. सुनीतीचा रकानाही घालते, नाहीतर दोन राज्यांची तुलनाच होणार नाही. काका, तुमचा मुद्दा मेळाव्यात तुम्हीच मांडा, दहा मिनिटं ठेवते. बाकीच्यांनी उद्या रात्रीपर्यंत ईओबीचे फोटो मला एकटीला पाठवा, लिस्टवर नको. नाव आणि मेंबर नंबर झाका.
– शमा