मातीच्या गोल ट्रॅकवरची शर्यत आपल्याला परवडेल का?

वाळूजवाला
स्पीडवे ठाऊक नसणाऱ्यांसाठी: ही मोटारसायकलची शर्यत. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार गडी, चार फेऱ्या, मिनिटभरात निकाल. गाडी ५०० सीसीची, ब्रेक मुळीच नाही, इंधन मिथेनॉल. डाव्या बुटाला लोखंडी तळ, आणि मागचं चाक घसरवतच वळण काढायचं. पोलंडमध्ये याला तुफान गर्दी होते. पण रडगाणं जुनंच. ज्याच्या इंजिनावर जास्त पैसा, तो पुढं. वर इंजिन जमवून देणाऱ्या ट्युनरचं बिल वेगळं.

माझं मत: संभाजीनगरात सुरू करायचं तर जुन्या पल्सर १५० वर करा. गाड्या क्लबच्या, इंजिन कुणी उघडू नये म्हणून सील, शर्यतीआधी चिठ्ठ्या टाकून वाटप. एसजीपी४ या पोरांच्या स्पीडवे स्पर्धेत १९० सीसीच्या एकसारख्या गाड्या असतातच की.

बालाघाटी
अन् धूळ? ट्रॅक ओला नसला तर दुसऱ्या फेरीत पुढचा गडी दिसणार नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, विसरलात? एप्रिलात आमच्या गल्लीत टँकर आला की हंड्यावरून भांडणं होतात. तुम्ही तोच टँकर मातीवर ओतायलाव! लोक दगडं घेऊन येतील.

वाळूजवाला
उन्हाळ्यात कोण म्हणतंय? दिवाळी ते संक्रांत एवढाच हंगाम, तोही शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर.

पाचट
मिथेनॉल तर अजिबात नको. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती त्याच विषानं. शिवाय उन्हात त्याची आग दिसतसुद्धा नाही. आपल्याकडं कारखान्यांचं इथेनॉल आहे, ते वापरा. पर्यावरणाचंही भलं.

बालाघाटी
ऊस काय हवेवर वाढतो का पाचटराव? फिरून पाण्यावरच आलात. त्यापेक्षा पंपावरचं पेट्रोल बरं, निदान सोंग तरी नाही.

फिटर मामा, नांदेड
सगळे इंजिनालाच धरून बसलाव. गॅरेज चालवून माझे केस पिकले, सांगतो. सील लावलं तर पोरं कार्ब्युरेटरमधला इंधन सोडणारा जेट बदलतात. जेट मोजला तर चेनच्या मागच्या स्प्रॉकेटला एक दात जास्त लावून आणतात. म्हणून चिठ्ठीची गोष्ट मला पटली. गाडी कुणाला जाणार हेच माहीत नसलं तर चोरी कशात करणार?

पण खरा खर्च गाडीचा नाही. गेल्या साली भाचा एका मातीच्या शर्यतीत पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं, प्लेट टाकली, तीन महिने शेतावर नाही. विम्यावाल्यानं ‘शर्यत’ शब्द ऐकला अन् हात वर केले. बिल ताईनं बांगड्या ठेवून भरलं. तेव्हा क्लबवाला फोन उचलत नव्हता.

वाळूजवाला
मामा, विमा आणि पडणाऱ्याला झेलणारी हवा भरलेली कुंपणं घेतली तर प्रवेश फी तिप्पट होईल. मग गरिबाचा पोरगा येणार कसा?

फिटर मामा, नांदेड
मग दहा शर्यतींच्या जागी तीन घ्या. दोन भंगार पल्सर मी फुकट उभ्या करून देतो, वायरिंगसकट. ॲम्ब्युलन्स गेटवर उभी दिसेपर्यंत चावी मात्र माझ्या खिशात राहील.

बालाघाटी
मामांना अनुमोदन. टँकरचं अजून कुणी बोललं नाही.